तांब्याची उत्तम प्रतीची जुनी नाणी: शिवराईपासून पाव आण्यापर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तांब्याची जुनी नाणी जमवणाऱ्यांकडून, विशेषतः चांदीचे रुपये जमवून झाल्यावर तांब्याकडे वळलेल्यांकडून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. भर शिवराईवर आणि ईस्ट इंडिया कंपनी व ब्रिटिश राजवटीच्या तांब्याच्या नाण्यांवर आहे, कारण महाराष्ट्रातल्या घरांतून आणि बाजारांतून हीच नाणी प्रामुख्याने पुढे येतात. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसरीकडे आला असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तांब्याचे नाणे उत्तम प्रतीचे आहे हे कशावरून ठरवायचे?

चार गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात: नाणे वापरात किती झिजले आहे, ठसा किती नीट उमटला आहे, पृष्ठभाग कितपत निर्दोष आहे आणि रंग मूळचा आहे की नाही. सध्या जगभर वापरली जाणारी १ ते ७० अंकांची मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी तयार केली होती. चांदी-सोन्याला ती नंतर लागू झाली, ही तांबेवाल्यांना सुखावणारी गोष्ट आहे. या पट्टीवर ४० ते ४५ म्हणजे एक्सएफ (फार थोडे झिजलेले), ५० ते ५८ म्हणजे एयू (जवळजवळ न फिरलेले) आणि ६० पासून पुढे अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेले नाणे. तांब्याच्या बाबतीत मात्र पृष्ठभागाला पहिला मान द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तपशील ठसठशीत पण अंगावर खड्डे पडलेले एक्सएफ नाणे आणि थोडे झिजलेले पण तुकतुकीत, एकसारख्या तपकिरी रंगाचे व्हीएफ (एक्सएफच्या खालच्या प्रतीचे) नाणे यांतले एकच घ्यायचे असेल, तर दुसरे घ्यावे.

२. तांब्याची चांगली नाणी चांदीच्या नाण्यांपेक्षा दुर्मीळ का असतात?

रुपया साठवला जात असे आणि पैसा खर्च होत असे, हे त्याचे मुख्य कारण आहे. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पई. यांतली खालची नाणी रोज हातोहात फिरत आणि ती जपून ठेवण्याइतकी मोठी किंमत त्यांना नव्हती. शिवराई तर सतराव्या शतकात सुरू होऊन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मुंबई इलाख्यातल्या बाजारात चालत राहिली, त्यामुळे तिची बहुतेक नाणी कित्येक पिढ्यांच्या हातांखालून गेलेली आहेत. शिवाय तांबे हवेतल्या ओलाव्याला, घामाला, गंधकाला आणि मातीतल्या क्षारांना चांदीपेक्षा लवकर बळी पडते. पुरलेल्या चांदीच्या नाण्याची पुष्कळदा स्वच्छता होऊ शकते. पुरलेल्या तांब्याचा पृष्ठभाग एकदा खाल्ला गेला की तो परत येत नाही.

३. शिवराई कशी ओळखावी?

पुढच्या बाजूला तीन ओळींत "श्री / राजा / शिव" आणि मागच्या बाजूला दोन ओळींत "छत्र / पति" असा देवनागरी मजकूर आणि भोवती ठिपक्यांचे वलय, ही शिवराईची खूण. १६७४ मध्ये रायगडावर झालेल्या राज्याभिषेकापासून हे नाणे सुरू झाले. त्याच वेळी सोन्याचा होनही पाडला गेला. सुरुवातीच्या शिवराईचे वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम भरते आणि अर्धी शिवराई त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. नंतरच्या काळातल्या दुदांडी शिवराईवर मागच्या बाजूला "छत्र" आणि "पति" यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा येतात, आणि ती सहसा वजनाला हलकी असते.

४. माझ्याकडची शिवराई प्रत्यक्ष शिवाजी महाराजांच्या काळातली आहे का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे, आणि बहुतेक वेळा प्रामाणिक उत्तर "नाही" असे असते. बहुतेक शिवरायांवर सन नसतो, आणि महाराजांच्या पश्चात सातारकर छत्रपतींच्या व पेशव्यांच्या काळातही "शिव" हेच नाव ठेवून नाणी पाडली गेली; १८१८ नंतर कंपनी सरकारनेही १८२० च्या दशकात दुदांडी शिवराया पाडल्या आणि त्यांवर फसली सन (महसुली कालगणनेचे साल) घातला. दख्खनी फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, त्यामुळे १२३० च्या पुढचा आकडा दिसला तर नाणे कंपनीच्या अमदानीतले आहे असे समजावे.

सन नसलेल्या नाण्याच्या बाबतीत वजन, अक्षरांचे वळण, ठिपक्यांच्या वलयाची रेखीवता आणि लेखनभेद हे सगळे एकत्र पाहावे लागते. उशिराच्या नाण्यांवर "शिव"ऐवजी "सिव" किंवा "सीव" आणि "पति"ऐवजी "पती" असे भेद सर्रास आढळतात आणि अक्षरेही सैल, वेडीवाकडी होत जातात. तरीही केवळ "शिव" शुद्ध लिहिले आहे एवढ्यावरून नाणे रायगडाचे ठरत नाही. विक्रेता "राज्याभिषेकाची शिवराई" म्हणून दुप्पट-चौपट दाम मागत असेल, तर वजन काटेकोरपणे मोजूनच पुढे बोलावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या नाणे दालनात किंवा रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयात एक फेरी मारून नजर तयार करणे, हे कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

५. माझ्या शिवराईवर "श्री" अर्धीच दिसते. म्हणजे ती झिजलेली आहे का?

असे असेलच असे नाही, आणि नवखे संग्राहक इथेच सर्वांत जास्त फसतात. शिवराई हाताने पाडली जात असे: तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे मजकुराचा काही भाग चकतीबाहेर राहून जाई. घाव तिरका बसला तर एक बाजू ठळक आणि दुसरी जवळजवळ कोरी राहते.

झीज आणि अपुरा ठसा यांतला फरक दहापट भिंगातून स्पष्ट दिसतो. झिजलेल्या नाण्यावर अक्षरांचे माथे आधी सपाट होतात, त्यांच्या कडा गोलसर होतात आणि उंच भागाचा रंग सखल भागापेक्षा फिकट पडतो. अपुऱ्या ठशाच्या नाण्यावर मात्र जे अक्षर उमटले आहे त्याची कड अजून धारदार असते, "शिव"च्या वेलांटीचे टोक टोचेल इतके टोकदार राहते, आणि जिथे काही उमटले नाही तिथे चकतीचा मूळचा खडबडीतपणा तसाच दिसतो. अशा नाण्याला झिजलेले म्हणणे अन्यायाचे आहे. तरी उत्तम प्रतीच्या शिवराईसाठी दोन्ही बाजूंचा पूर्ण मजकूर, निदान अर्ध्या भागात दिसणारे ठिपक्यांचे वलय आणि मध्यावर बसलेला ठसा यांचा आग्रह धरावा. पूर्ण मजकुराची शिवराई मिळायला वेळ लागतो, पण ती मिळते. कडेला गेलेल्या उभ्या भेगा चकती ठोकताना पडलेल्या असतात आणि त्या मजकुरात शिरत नसतील तर त्यांना दोष मानण्याचे कारण नाही.

६. ब्रिटिश काळातल्या तांब्याची सुरुवात कोणत्या नाण्यांपासून करावी?

व्हिक्टोरिया राणीच्या पाव आण्यापासून करावी. १८६२ ते १८७६ या सालांच्या नाण्यांवर "क्वीन" आणि १८७७ पासून "एम्प्रेस" अशी इंग्रजी अक्षरे येतात. पाव आण्याचे प्रमाणित वजन १०० ग्रेन, म्हणजे ६.४८ ग्रॅम आहे. नाणी मुबलक आहेत, पडताळणी सोपी आहे आणि चांगल्या प्रतीत ती अजून आवाक्यात येतात. त्याआधीचा टप्पा म्हणजे १८३५ चे कंपनीचे एकसमान चलन, आणि त्याच्याही मागे तीन इलाख्यांची वेगवेगळी नाणी.

मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टन यांच्या सोहो टाकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडलेली तांब्याची नाणी ही आमच्या मते या क्षेत्रातली सर्वांत देखणी नाणी आहेत. एका बाजूला कंपनीच्या मालाच्या गाठोड्यांवर मारले जाणारे चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याखाली फारशी लिपीत "अदल" (न्याय). हातोड्याची शिवराई आणि ही नाणी एकाच बाजारात शेजारी शेजारी चालत होती, हे दोन्ही तळहातावर ठेवून पाहिल्यावर खरे वाटत नाही.

७. १९०६ चे पाव आणे वेगवेगळ्या वजनांचे का आढळतात?

त्या वर्षी तांब्याच्या जागी ब्राँझ आले. ब्राँझमध्ये ९५ टक्के तांबे, ४ टक्के कथील आणि १ टक्का जस्त असते. ब्राँझच्या पाव आण्याचे वजन ७५ ग्रेन, म्हणजे ४.८६ ग्रॅम ठेवले गेले. १९०६ या सालाचे पाव आणे दोन्ही धातूंत आहेत. काट्यावर ठेवले की शंका उरत नाही.

८. लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी या वर्गवारीचा अर्थ काय?

टाकसाळीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तांब्याचा रंग लालसर केशरी असतो आणि काळानुसार तो तपकिरी होत जातो. पीसीजीएस आणि एनजीसी या नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या (ग्रेडिंग करणाऱ्या) अमेरिकी संस्था न फिरलेल्या तांब्याच्या नाण्याच्या प्रतीपुढे आरडी, आरबी किंवा बीएन ही अक्षरे लावतात. मूळ लाली जवळजवळ पूर्ण टिकली असेल तर आरडी, अंशतः टिकली असेल तर आरबी, आणि नाममात्र असेल तर बीएन. किमतीतला फरक प्रचंड असतो, म्हणूनच लाली "आणण्याचे" उद्योगही होतात. मूळ लाली नाणे दिव्याखाली तिरपे फिरवले असता पृष्ठभागावरून सरकणाऱ्या झळाळीसह येते आणि ती अक्षरांच्या आडोशाला अधिक टिकलेली असते. रसायनात बुडवून आणलेली लाली गुलाबी, निर्जीव आणि सगळीकडे सारखी दिसते. मुंबई किंवा कोकणाच्या दमट हवेत शंभर वर्षे राहिलेले आणि तरी पूर्ण लाल असलेले नाणे पाहिले की आधी संशय घ्यावा. शिवराईला ही वर्गवारी लावण्यात अर्थ नाही; तिच्या बाबतीत एकसारखा गडद तपकिरी किंवा काळपट पॅटिना (काळानुसार चढलेला थर) हीच शोभा आहे.

९. आमच्या देव्हाऱ्यातली शिवराई दर दिवाळीला चिंचेने घासली जाते. तिला काही मोल आहे का?

घराण्याची ठेव म्हणून आहेच, आणि ती पूजेतून काढावी असे आम्ही सांगणार नाही. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र तिची प्रत गेलेली आहे. चिंच, लिंबू, आमसूल, तांब्याची भांडी घासण्याची पूड, यांतले काहीही वापरले तरी तांब्याचा वरचा सूक्ष्म थर विरघळतो किंवा खरवडला जातो. ऑक्साइडचा जो पातळ तपकिरी थर आपण मळ समजून काढतो, तोच नाण्याला पुढच्या क्षरणापासून राखत असतो. घासलेले नाणे काही महिन्यांत पुन्हा काळवंडते, पण ठिपक्याठिपक्यांनी, आणि भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा कायम दिसतात.

१०. मग नाणे अजिबात स्वच्छ करायचेच नाही का?

तेलकटपणा, चिकटपट्टीचा डिंक किंवा प्लास्टिकचा चिकट थर शुद्ध ॲसिटोनने काढता येतो. ॲसिटोन तांब्याशी सहसा प्रक्रिया करत नाही. काचेच्या भांड्यात नाणे बुडवावे, दुसऱ्या ताज्या ॲसिटोनमध्ये खंगाळावे आणि न पुसता वाळू द्यावे. खोलीत हवा खेळती हवी आणि जवळपास ज्योत नको. नखांचे रंग काढण्याचे द्रावण चालणार नाही, कारण त्यात सुगंध आणि तेले मिसळलेली असतात. मातीसाठी डिस्टिल्ड पाण्यात भिजवून ठेवणे आणि लाकडी दातकोरणीने हलके सोडवणे एवढेच करावे. यापलीकडचे काम धातुसंवर्धकाचे आहे.

११. नाण्यावर हिरवे डाग आले आहेत. ते पसरतील का?

हिरवे दोन प्रकारचे असते. जुन्या पुरलेल्या नाण्यावरचा कठीण, गुळगुळीत, गडद हिरवा थर बहुधा स्थिर असतो आणि त्याला हात लावू नये. दुसरे फिकट, निळसर हिरवे, भुकटीसारखे असते. दातकोरणीने टोचले की सुटते, खाली खड्डा दिसतो आणि काही आठवड्यांत तिथेच पुन्हा उगवते. यालाच ब्राँझ डिसीझ म्हणतात. तांब्यातल्या क्लोराइडची ओलावा आणि प्राणवायूशी प्रक्रिया होऊन आम्ल सुटते, ते आणखी तांबे खाते, आणि हे चक्र चालू राहते. असे नाणे लगेच वेगळे काढावे आणि सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात कोरडे ठेवावे. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास खाली आणली की प्रक्रिया थंडावते. रोग नाण्यावरून नाण्यावर साथीसारखा उडत नाही, पण सुटलेली क्लोराइडयुक्त भुकटी शेजारच्या नाण्यावर पडू देऊ नये. लिलावाच्या छायाचित्रात हे हिरवे पुष्कळदा "आकर्षक पॅटिना" म्हणून खपते, त्यामुळे महागड्या नाण्याचे जवळून काढलेले छायाचित्र मागून घ्यावे.

१२. पावसाळ्यात नाणी कशी ठेवावीत?

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांतून नाणी आजच बाहेर काढावीत. ते प्लास्टिक कालांतराने आम्ल सोडते आणि तांब्यावर हिरवट चिकटा धरतो (तो काढण्यासाठी प्रश्न १० पाहा). मायलर किंवा पॉलिप्रॉपिलिनची पाकिटे आणि घट्ट बसणाऱ्या ॲक्रिलिकच्या डब्या चालतात. रबरबँडमध्ये गंधक असते आणि काही लाकडांतून आम्लयुक्त वाफ सुटते, म्हणून दोन्ही टाळावीत. डबा हवाबंद असावा, त्यात सिलिका जेल असावे आणि त्याचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे. जून ते सप्टेंबर संग्रह उघडण्याचा मोह आवरावा, आणि उघडलाच तर नाणे फक्त कडेने धरावे. बोटाचा ठसा आज दिसत नाही, पुढच्या वर्षी दिसतो.

१३. खोटी शिवराई कशी ओळखावी?

बहुतेक खोट्या शिवराया साच्यात ओतलेल्या असतात. ओतीव नाण्यावर अक्षरांच्या कडा मेणासारख्या मऊ दिसतात, सपाट भागावर बुडबुड्यांचे बारीक गोल खड्डे असतात आणि कडेला साच्याचा सांधा किंवा तो घासून काढल्याच्या कानशीच्या खुणा सापडतात. सर्वांत भक्कम कसोटी मात्र तुलनेची आहे: हाताने ठोकलेल्या दोन चकत्या कधीही तंतोतंत एकसारख्या नसतात, त्यामुळे एकाच आकाराची, एकाच जागी भेग असलेली आणि तेच अक्षर तिथेच कापलेले दुसरे नाणे दिसले, की निदान एक नाणे, आणि बहुधा दोन्ही, एकाच साच्यातून निघालेले असते. दुसरा प्रकार अधिक चलाखीचा आहे: नाणे खरे, पण झिजलेली अक्षरे सुईने कोरून ठळक केलेली. अशा ठिकाणी अक्षराभोवतीचा सपाट भाग खरवडलेला असतो आणि रंग बदललेला असतो.

१४. राम-सीता किंवा हनुमान असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ चे नाणे दुर्मीळ आहे का?

ते नाणेच नाही. कंपनीने राम-सीता किंवा हनुमान यांच्या चित्रांची अशी नाणी कधीही पाडली नाहीत. १६१६, १७१७, १८१८, १८३९ अशी साले घातलेले हे तुकडे नंतर कोणीतरी पूजेसाठी किंवा विक्रीसाठी बनवलेले टोकन आहेत. त्यांत "तांदूळ ओढण्याची" शक्ती असल्याच्या कथांवरून लोकांची मोठी फसवणूक झालेली आहे.

१५. व्हिक्टोरिया राणीचे आरशासारखे चकचकीत प्रूफ (चलनासाठी नव्हे, खास काळजीने पाडलेले) नाणे १८६२ चेच असते का?

नाही. मुंबई आणि कोलकाता येथील टाकसाळींनी जुने ठसे वापरून संग्राहकांसाठी विसाव्या शतकातही बराच काळ नाणी पाडून दिली. ही पुनर्मुद्रित नाणी खोटी नाहीत, त्यांना स्वतःचा बाजार आहे, पण मूळ प्रूफच्या भावात ती घेऊ नयेत. गंजलेल्या ठशामुळे नाण्यावर बारीक उंचवटे उमटले असतील, किंवा दोन बाजू एकाच काळातल्या ठशांच्या नसतील, तर नाणे पुनर्मुद्रित आहे असे धरून चालावे.

१६. समुद्रात बुडालेल्या जहाजातली कंपनीची नाणी इतकी चांगली कशी?

मद्रास इलाख्यासाठी सोहो टाकसाळीत पाडलेली १८०८ ची दहा कॅशची (कॅश हे मद्रासकडचे लहान चलनमूल्य) नाणी घेऊन निघालेले "ॲडमिरल गार्डनर" हे जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्स येथे बुडाले आणि १९८० च्या दशकात त्यातली नाणी वर काढण्यात आली. पिंपांच्या मध्यभागी राहिलेल्या नाण्यांना पाणी कमी लागले, त्यामुळे चलनात एक दिवसही न फिरलेले तांबे आज स्वस्तात मिळू शकते. मात्र ती खाऱ्या पाण्यात राहिलेली असल्याने क्लोराइडचा धोका त्यांना सर्वाधिक आहे. विकत घेण्याआधी प्रश्न ११ वाचावा.

१७. जुन्या पैशाला लाखो रुपये देणाऱ्या जाहिराती खऱ्या असतात का?

नसतात. १८३५ चा पाव आणा सामान्य प्रतीत अतिशय सुलभ आहे. "नोंदणी शुल्क" किंवा "कर" म्हणून आधी पैसे मागितले की संभाषण तिथेच थांबवावे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या अशा व्यवहारांबाबत स्वतः बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला असून, जुनी नाणी व नोटा यांची खरेदी-विक्री बँक करत नाही आणि त्यासाठी तिने कोणालाही नेमलेले नाही, असे त्यात म्हटले आहे.

१८. शेत नांगरताना नाण्यांचे मडके सापडले. ती नाणी ठेवता किंवा विकता येतात का?

सरळ ठेवता येत नाहीत. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे आणि जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपयांची ही मर्यादा एकशेचाळीसहून अधिक वर्षे बदललेली नाही, म्हणजे व्यवहारात एक शिवराई सापडली तरी ती या कायद्यात येते. मडके फोडू नये, नाणी वेगळी करू नयेत, धुऊ तर मुळीच नयेत. कोणते नाणे कोणत्या नाण्याबरोबर सापडले, यावरूनच सन नसलेल्या नाण्यांचा काळ ठरवता येतो. बाजारात "शेतातली ताजी" म्हणून मातीसकट विकायला आलेला ढीग घेऊ नये, कारण त्यात एकतर कायद्याची अडचण असते किंवा मातीच मुद्दाम लावलेली असते.

१९. मी परदेशात राहतो. आजोबांच्या शिवराया सोबत नेऊ शकतो का, किंवा ग्रेडिंगसाठी पाठवू शकतो का?

नाही. पुरावस्तू व कला संपत्ती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची शिक्षा आहे. ते नाणे आपल्याच घराण्याचे आहे, हा बचाव तिथे चालत नाही. ग्रेडिंगसाठी कुरिअरने पाठवणे हेही देशाबाहेर नेणेच आहे. आधीपासून परदेशात असलेली आणि तिथेच विकत घेतलेली नाणी तिथल्या संस्थेकडे देण्यास अडचण नाही, आणि विदेशी लिलावांत सोहो टाकसाळीचे तांबे भारतातल्यापेक्षा चांगल्या प्रतीत वारंवार येते, तेव्हा परदेशस्थ संग्राहकाने तिथूनच सुरुवात करावी. शंभर वर्षांची मोजणी दरवर्षी पुढे सरकते, हे मात्र लक्षात ठेवावे: पंचम जॉर्जच्या चेहऱ्याचा १९३० चा पाव आणा आज पुरावस्तू ठरत नाही, २०३० मध्ये ठरेल.